दुसऱ्यांच्या इतिहासाला दिलेली पन्नास वर्षं

(तरुणांसाठीच्या करिअर मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला अशा शिबिरांना बोलावतात तेव्हा विषय ठरलेला असतो. कोणती लँग्वेज शिकावी, पॅकेज किती मिळतं, इंटरव्ह्यूत काय विचारतात. या प्रश्नांची उत्तरं मी आजही देईन, पण चहाच्या वेळी. आत्ताच्या वेळात मला वेगळ्याच एका करिअरबद्दल बोलायचं आहे.

मघाशी मी तुमचे नोंदणीचे फॉर्म चाळले. इंजिनिअरिंग आहे, फार्मसी आहे, नर्सिंग आहे, डी.एड. आहे, स्पर्धा परीक्षा तर भरपूर आहेत. दोघातिघांनी कायदा लिहिला आहे. इतिहास एकानंही लिहिलेला नाही. त्यात नवल काही नाही. घरात कुणी 'मला इतिहास घ्यायचा आहे' म्हटलं की अब्बा विचारतात, "घेऊन करणार काय?" हा प्रश्न पोटाचा आहे, त्याला मी बगल देणार नाही. पण त्याचं उत्तर देण्याआधी एका माणसाचं काम तुमच्यापुढे ठेवतो.

त्यांचं नाव जॉर्ज मॅकटर्नन काहिन. जन्म १९१८, मृत्यू २०००. अमेरिकेतले प्राध्यापक. विषय होता आग्नेय आशियाचं आधुनिक राजकारण आणि जगाशी असलेले त्याचे संबंध, त्यातही मुख्यतः इंडोनेशिया. म्हणजे आज जगात सर्वात जास्त मुसलमान राहतात तो देश. काहिन मुसलमान नव्हते, इंडोनेशियन नव्हते. तरीही त्या देशाचा इतिहास शिकायचा तर त्यांच्या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

मी या विषयाकडे वळलो तो शब्दांमुळे. आमच्या टीममधले काही सहकारी जकार्तात बसतात. कॉल सुरू व्हायच्या आधी ते आपसात बोलतात तेव्हा मधूनच ओळखीचे शब्द कानावर पडतात. 'खबर'ला ते 'काबार' म्हणतात, 'वक्त'ला 'वाक्तू', 'दुनिया'ला 'दुनिया'च. त्यांच्या भाषेचं नावच 'बाहासा', म्हणजे आपली 'भाषा'. एकदा मी त्यांच्या लोकसभेचं नाव विचारलं. ते निघालं 'देवान परवाकिलान राक्यात'. सावकाश ऐका: दिवाण, वकील, रयत. रयतेच्या वकिलांचा दिवाण! जो शब्द आपण शिवरायांच्या पत्रांच्या संदर्भात ऐकतो, कोल्हापूर-साताऱ्यातल्या शाळांच्या पाट्यांवर वाचतो, तोच शब्द तिकडे संसदेच्या दारावर आहे. त्यानंतर मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता काहिन भेटले.

आधी या विषयात नेमकं काय करतात ते सांगतो. 'आंतरराष्ट्रीय इतिहास' म्हणजे अनेक देशांची बेरीज नव्हे. एखादी घटना घडली, त्यात पाच देश गुंतले होते, तर पाचही देशांचे कागद शोधायचे, ते त्या त्या भाषेत वाचायचे आणि एकमेकांशी ताडून पाहायचे. आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम बंद पडली की प्रत्येक टीम म्हणते, चूक आमच्याकडे नाही. मग आम्ही प्रत्येक सर्व्हरचा लॉग काढतो आणि वेळा जुळवतो. कोण काय म्हणतो यापेक्षा लॉगमध्ये काय नोंदलं आहे ते बघतो. इतिहासकाराचं काम असंच आहे, फक्त त्याचे लॉग फाटलेले असतात, काही कुलपात असतात आणि काही मुद्दाम जाळलेले असतात.

उदाहरण घ्या. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकर्णो आणि मोहम्मद हट्टा यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. जपान नुकताच शरण आला होता. डच परत यायला टपले होते, पण त्यांच्याकडे लगेच पाठवायला पुरेसं सैन्य नव्हतं. म्हणून जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला आणि कैद्यांना सोडवायला ब्रिटिश फौजा उतरल्या. ब्रिटिश फौजा म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक हिंदी शिपाई. ऑक्टोबरअखेर सुराबाया शहरात ४९व्या हिंदी ब्रिगेडची लोकांशी चकमक झाली, ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून मोठी लढाई पेटली. तो दिवस इंडोनेशिया आजही 'वीर दिन' म्हणून पाळतो. त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडची माणसं, ज्यांचा स्वतःचा देश अजून गुलाम होता, त्यांना दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या आड उभं केलं गेलं. काही हिंदी शिपाई बाजू बदलून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले, त्यांत मुसलमान शिपाईही होते. ही एक घटना समजून घ्यायला डच, इंग्रजी, जपानी आणि इंडोनेशियन कागद लागतात. आणि खरं तर मराठी पत्रंही लागतील, कुणाच्या माळ्यावर शिल्लक असतील तर.

आता काहिन यांच्याकडे येऊ. सिएटल शहरात ते वाढले. हार्वर्डमधून १९४० मध्ये इतिहासाची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं स्वतःच्याच जपानी वंशाच्या नागरिकांना घरातून उचलून छावण्यांत कोंडलं. त्यांची दुकानं, शेती, येणी, सगळं मागे राहिलं. तेव्हा विशीतले काहिन क्वेकर पंथाच्या सेवाभावी संस्थेबरोबर काम करत होते आणि या कुटुंबांची लोकांकडे अडकलेली येणी वसूल करून द्यायला मदत करत होते. पुढे ते सैन्यात गेले. इंडोनेशियात उतरवण्यासाठी त्यांना भाषेचं प्रशिक्षण मिळालं, पण ऐनवेळी त्यांची तुकडी इटलीला पाठवली गेली. युद्ध संपलं, शिकलेली भाषा डोक्यात राहिली. त्या भाषेचं त्यांनी काय केलं ते पाहा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं आणि १९४८ मध्ये ते स्वतः जावा बेटावर जाऊन पोहोचले.

तेव्हा इंडोनेशियात धुमश्चक्री चालू होती. डचांनी बराचसा मुलूख परत बळकावला होता. प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकार्ताला होती. बाहेरचं जग या सरकारबद्दल डचांच्या तोंडून ऐकत होतं: हे जपान्यांचे हस्तक आहेत, हे कम्युनिस्ट आहेत. काहिन मंत्र्यांना भेटले, विरोधकांना भेटले, खेड्यांत फिरले.

त्यांच्या वाटाड्यांपैकी एक होते हाजी आगुस सालिम. अनेक भाषा येणारे, तरुणपणी जिद्दाच्या डच वकिलातीत नोकरी केलेले आणि आता प्रजासत्ताकाचे परराष्ट्रमंत्री. त्यांच्यामुळे काहिन यांची माहितीमंत्री मोहम्मद नत्सीर यांच्याशी ओळख झाली. काहिन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की मंत्र्यांच्या अंगात ठिगळं लावलेला शर्ट होता. इतकी ठिगळं त्यांनी कुठल्याच अधिकाऱ्याच्या शर्टावर पाहिली नव्हती. काही दिवसांनी त्यांना कळलं की खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढून साहेबांसाठी बरा शर्ट घेतला, माणूस मंत्री दिसावा म्हणून. हेच नत्सीर १९५० मध्ये पंतप्रधान झाले. मासयुमी या मुस्लिम पक्षाचे ते मोठे नेते.

हा शर्ट कोणत्याही सरकारी फाइलमध्ये नाही. तो दिसला, कारण पाहणारा तिथे जाऊन उभा राहिला होता.

१९ डिसेंबर १९४८ ला डचांनी योग्यकार्तावर हल्ला केला, सुकर्णो, हट्टा आणि आगुस सालिम यांना पकडलं. काहिन यांना डच अधिकाऱ्यांनी पुढे देशाबाहेर काढलं. या वेळी आपला देश गप्प बसला नाही, हेही सांगायला हवं. त्याआधी १९४७ मध्ये बिजू पटनायक यांनी स्वतः विमान उडवत जाऊन सुतान शाहरिर यांना डचांच्या वेढ्यातून बाहेर काढलं होतं. आता जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर अनेक देशांची परिषद भरवली. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेचा ठराव झाला आणि २७ डिसेंबर १९४९ ला डचांना सत्ता सोडावी लागली.

काहिन यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं, 'नॅशनॅलिझम अँड रेव्होल्यूशन इन इंडोनेशिया'. त्यात त्यांनी दाखवलं की हा राष्ट्रवाद जपाननं पेरलेला नाही आणि मॉस्कोतूनही आलेला नाही. त्याची मुळं डच राजवटीच्या अर्थव्यवस्थेत, शाळांत, सारेकात इस्लामसारख्या संघटनांत आणि सगळ्या बेटांना जोडणाऱ्या एका भाषेत आहेत. बहुसंख्य लोकांचा धर्म एक असणं, हेही त्यांनी एक कारण म्हणून मांडलं. पण एक धर्म म्हणजे एक मत, असं त्यांनी कुठेही लिहिलं नाही. त्यांनी मासयुमी वेगळा दाखवला, त्यातले आतले गट वेगळे दाखवले, समाजवादी, कम्युनिस्ट आणि सुकर्णोंचे राष्ट्रवादी वेगळे दाखवले. यांतले बहुतेक मुसलमान आणि हे सगळे एकमेकांशी भांडणारे. 'मुसलमान असे असतात' या एका वाक्यात कोट्यवधी माणसं कोंबणारे लोक तेव्हाही होते. त्यांना उत्तर म्हणून काहिन यांनी कुठलं भाषण केलं नाही, पाचशेच्या आसपास पानांचा अभ्यास समोर ठेवला.

आता या करिअरची किंमत बघा. त्यांचे मार्गदर्शक ओवेन लॅटिमोर यांच्यावर १९५० मध्ये सिनेटर मॅकार्थीनं रशियाचा हेर असल्याचा आरोप केला. वर्षानुवर्षं चौकश्या, खटला. शेवटी १९५५ मध्ये आरोप मोडीत निघाले, पण तोपर्यंत माणूस पोळून निघाला होता. आशियाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकनांसाठी तो काळ धास्तीचा होता. विषय बदलून टाकणं सोपं होतं. काहिन यांनी तसं केलं नाही.

१९५१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात रुजू झाले आणि तिथे त्यांनी जे उभं केलं ते मला पुस्तकाइतकंच मोलाचं वाटतं. १९५४ मध्ये 'कॉर्नेल मॉडर्न इंडोनेशिया प्रोजेक्ट' सुरू झाला. त्यांचे सहकारी जॉन एकल्स यांनी ग्रंथालयात इंडोनेशियातली पुस्तकं, मासिकं, पत्रकं गोळा करायला सुरुवात केली. आज तो संग्रह त्यांच्याच नावानं ओळखला जातो आणि या विषयातल्या जगातल्या सर्वात मोठ्या संग्रहांत गणला जातो. एकल्स आणि हसन शाडिली, म्हणजे एक अमेरिकन आणि एक इंडोनेशियन, यांनी मिळून १९६१ मध्ये इंडोनेशियन-इंग्रजी शब्दकोश काढला. शब्दकोश, ग्रंथालय, विद्यार्थी. यातलं काहीही बातमीत येण्यासारखं नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. १९५३ मध्ये काहिन यांनी आगुस सालिम यांना कॉर्नेलला बोलावलं आणि त्या वयोवृद्ध हाजींनी तिथल्या विद्यार्थ्यांना इस्लामवर व्याख्यानं दिली. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच शिक्षकाच्या खुर्चीवर बसवणं ही साधी गोष्ट नव्हे.

विद्यार्थ्यांमध्ये एक होते डेलियार नूर. सुमात्राचे, मुस्लिम विद्यार्थी संघटनेचे माजी अध्यक्ष. त्यांनी कॉर्नेलमध्ये इंडोनेशियातल्या सुधारणावादी मुस्लिम चळवळींवर, १९०० ते १९४२ या काळावर प्रबंध लिहिला. पुढे त्याचं पुस्तक झालं आणि आजही त्या विषयावर पहिल्यांदा तेच हातात घेतलं जातं. म्हणजे बाहेरच्या माणसानं वाट घालून दिली आणि घरच्या माणसानं आपला इतिहास स्वतः लिहिला. मला यात काहिन यांचं खरं यश दिसतं.

एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिका परिषद झाली, २९ देश जमले. काहिन तिथे होते, पुढच्याच वर्षी त्यांचं त्यावरचं छोटं पुस्तक आलं. मग व्हिएतनाम युद्ध आलं. १५ मे १९६५ ला वॉशिंग्टनमध्ये युद्धावर देशव्यापी जाहीर चर्चा ठेवली होती. सरकारची बाजू राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी मांडणार होते, ते आलेच नाहीत. विरोधी बाजू मांडायला काहिन उभे होते. १९६७ मध्ये त्यांनी जॉन लुईस यांच्याबरोबर अमेरिका व्हिएतनाममध्ये कशी गुंतत गेली यावर पुस्तक लिहिलं. आपलं सैन्य लढत असताना आपल्याच सरकारचे कागद जनतेपुढे मांडणं याला किती छाती लागते, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता मी दोन अवघड गोष्टींकडे येतो. खरं तर हे दोन प्रसंग सांगता यावेत म्हणूनच मी हा विषय निवडला.

पहिली १९५८ ची. सुमात्रा आणि सुलावेसी बेटांवर काही लष्करी अधिकाऱ्यांनी आणि नेत्यांनी जकार्ताविरुद्ध बंड केलं. त्या बंडाला अमेरिकेची छुपी मदत होती, पैसा, शस्त्रं, विमानं. १८ मे १९५८ ला अॅलन पोप नावाचा सीआयएचा वैमानिक अंबोनजवळ पाडला गेला आणि बिंग फुटलं. बंडखोरांच्या बाजूला गेलेल्यांत एक नाव होतं मोहम्मद नत्सीर. तोच ठिगळांचा शर्ट. काहिन यांना ज्यांच्याबद्दल आयुष्यभर आदर वाटला ते. १९९५ मध्ये जॉर्ज काहिन आणि त्यांच्या पत्नी ऑड्री काहिन यांनी मिळून या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष असा की अमेरिकेच्या या उद्योगानं साधलं नेमकं उलटं. लष्कर आणि कम्युनिस्ट पक्ष दोन्ही बळकट झाले आणि मधला लोकशाहीवादी थर चिरडला गेला. १९६० मध्ये मासयुमीवर बंदी आली, नत्सीर तुरुंगात गेले. लेखकाचं स्वतःचं सरकार एका बाजूला, जिवाभावाचा माणूस त्याच सापळ्यात, आणि तरीही कागद जे सांगतात ते लिहायचं. ऑड्री काहिन स्वतः मोठ्या इतिहासकार. नत्सीर यांचं राजकीय चरित्र त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. इथे बसलेल्या मुलींनी हे नाव लिहून घ्यावं.

दुसरी १९६५ ची. ३० सप्टेंबरच्या रात्री काही अधिकाऱ्यांनी सहा जनरल मारले. जनरल सुहार्तो यांनी सूत्रं हातात घेतली आणि सगळा ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवला. पुढच्या काही महिन्यांत जे हत्याकांड झालं त्यात पाच लाख किंवा त्याहून जास्त माणसं मारली गेली असा अंदाज आहे. कॉर्नेलमधले बेनेडिक्ट अँडरसन आणि रूथ मॅकव्हे या काहिन यांच्या विद्यार्थ्यांनी हाताशी असलेली वर्तमानपत्रं आणि निवेदनं ताडून जानेवारी १९६६ मध्ये एक टिपण तयार केलं. सरकारी कथेला त्यातून तडे जात होते. सुहार्तो सरकार खवळलं. अँडरसन यांना १९७२ पासून सुहार्तोंची सत्ता असेपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, इंडोनेशियात पाऊल ठेवता आलं नाही. ज्या देशावर जीव लावला त्याच देशाचं दार पाव शतकाहून जास्त काळ बंद. या काळात त्यांनी राष्ट्रवादावर 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' लिहिलं, जे आज जगभर शिकवलं जातं.

पण अवघड गोष्ट ही नाही. अवघड गोष्ट अशी की त्या हत्याकांडात फक्त लष्कर नव्हतं. पूर्व जावात नहदलतुल उलमा या मोठ्या धार्मिक संघटनेच्या तरुण शाखेतले लोकही मारणाऱ्यांत होते. मारणारे मुसलमान आणि मरणाऱ्यांतही बहुसंख्य नावानं, घरानं मुसलमानच. तीन दशकं शाळेच्या पुस्तकांत याबद्दल अवाक्षर नव्हतं. सुहार्तो गेल्यावर अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष झाले. ते त्याच संघटनेचे माजी अध्यक्ष, संस्थापकांचे नातू. २००० मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदावर असताना संघटनेच्या सहभागाबद्दल बळी पडलेल्यांची माफी मागितली. त्यांच्याच गोटातले अनेक जण रागावले. पण माफी मागितली गेली.

ती माफी काही इतिहासकारांनी घडवून आणली असं मी म्हणणार नाही. पण संशोधकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेला पुरावा, मुलाखती, जुनी कात्रणं नसती, तर 'असं काही घडलंच नाही' म्हणायला सगळे मोकळे होते. आपल्यावर झालेला अन्याय सांगायला पुरावा लागतो, हे आपल्याला पटकन पटतं. आपल्या लोकांनी केलेला अन्याय मान्य करायलाही पुरावाच लागतो, हे पटायला जड जातं. इतिहासाचा खरा विद्यार्थी दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवतो. ज्या समाजात अशी माणसं नसतात, त्याच्याबद्दल कुणीही काहीही बोललं तरी त्याच्याकडे उत्तर म्हणून फक्त राग उरतो. तुमच्या मोबाइलवर रोज जे इतिहासाचे मेसेज येतात, आपल्या बाजूचे आणि विरोधी बाजूचे, ते आठवून बघा. त्यातल्या किती जणांनी मूळ कागद पाहिलेला असतो?

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येतो. "घेऊन करणार काय?"

खोटी आशा दाखवत नाही. ही वाट लांबची आहे. बी.ए., एम.ए. आणि मग पीएचडीची पाच-सहा वर्षं. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत आणि भरती वर्षानुवर्षं रखडते. माझ्या क्षेत्रात पंचविशीत जो पगार मिळतो तो इथे पस्तिशीतही मिळेल याची खात्री नाही. घरची जबाबदारी ज्याच्या एकट्याच्या खांद्यावर आहे त्यानं आधी त्या जबाबदारीचा विचार करावा, त्यात काही कमीपणा नाही.

पण दारं आहेत, तीही सांगतो. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर संशोधनाच्या काळात दरमहा फेलोशिप मिळते. दिल्लीत जेएनयूमध्ये आग्नेय आशियाचा अभ्यास होतो. सिंगापूर, लायडन, लंडन, कॉर्नेल इथे पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळू शकते. इंडोनेशियाचं सरकार 'धर्मासिस्वा' नावाची शिष्यवृत्ती देतं, परदेशी तरुणांना तिथे राहून भाषा आणि कला शिकण्यासाठी. ती भाषा रोमन लिपीत लिहितात, क्रियापदाला काळाप्रमाणे रूपं नाहीत, लिंगभेद नाही. आणि कितीतरी शब्द तुम्हाला आजीच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटतील. ज्याला मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी येतं आणि मदरशात थोडी अरबी कानावर पडली आहे, त्याच्याकडे या कामाचं निम्मं भांडवल आधीच आहे. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला ते शून्यातून जमवावं लागतं.

आणि सुरुवात करायला जकार्ताला जावं लागत नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे, तिथे मुंबई इलाख्याची दफ्तरं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या उघडता येतं, कोट्यवधी पानं स्कॅन केलेली आहेत. एकदा रविवारी उघडून बघा. सुराबायाला गेलेल्या पलटणी, मुंबई बंदरातून सुटणारी हजची जहाजं, दिल्लीच्या १९४९ च्या परिषदेची तयारी, असा एखादा विषय धरून शोधून पाहा. कुणाच्या पणजोबांनी त्या युद्धात नोकरी केली असेल तर त्यांचं पेन्शनचं पुस्तक, पत्रं, फोटो आधी सांभाळून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि नाव लिहा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांनीही हे करावं, त्याला डिग्री लागत नाही.

काहिन यांना १९९१ मध्ये इंडोनेशियानं आपला मानाचा किताब दिला. ज्या सरकारनं तो दिला ते सुहार्तोंचंच होतं, ज्याच्याबद्दल काहिन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कधी गोड लिहिलं नव्हतं. नको असलेलं सांगणाऱ्या माणसाचाही एखाद्या देशाला कधीतरी उपयोग कळतो.

शेवटी एकच शब्द सांगून थांबतो. इंडोनेशियन भाषेत इतिहासाला 'सजाराह' म्हणतात. हा शब्द अरबीतल्या 'शजरा'वरून आला, म्हणजे झाड. आपल्या घरात वंशावळीच्या कागदाला शजरा म्हणतात तोच. बहुतेक घरांत हा कागद कुठल्यातरी ट्रंकेत आहे आणि तो वाचता येणारा माणूस म्हातारा झाला आहे. या सुट्टीत त्याच्याजवळ बसा, तो मोठ्यानं वाचेल तसं उतरवून घ्या. ज्याला त्यात गोडी लागेल त्यानं पुढच्या शिबिरात फॉर्मवर बिनधास्त 'इतिहास' लिहावं. अब्बांशी बोलायला मी येतो.

आता प्रश्न विचारा, पॅकेजचेही चालतील.